दादाला सोन्याचा किनारा दाखवताना

परत येऊन दीड महिना झाला, तरी वाईच्या घाटावर कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला. "बाई, आफ्रिकेला म्हणे बोटीनं गेला होता?" मी हो म्हणते. मग दुसरा प्रश्न. "भीती नाही वाटली?" वाटली की, पण ती पुण्यात लस घेताना आणि मुंबईच्या विमानतळावर. आफ्रिकेत फारशी नाही. प्रत्येकाला उभ्या उभ्या अर्धंमुर्धं सांगून कंटाळा आला, म्हणून हे पहिल्यापासून लिहायला बसले आहे.

मी तेहतीस वर्षं भूगोल शिकवला. आफ्रिकेचा पश्चिम किनारा मी फळ्यावर वर्गाकडे तोंड करून, पाठमोऱ्या हाताने काढू शकते. हस्तिदंताचा किनारा, सोन्याचा किनारा ही जुनी नावं मी पोरांकडून घोकून घेतली, चुकलं की पुन्हा घोकून घेतली. स्वतः पाहिलेला समुद्र म्हणाल तर गणपतीपुळे, तोही शाळेच्या सहलीबरोबर, पोरं मोजण्यात लक्ष. छोट्या जहाजांच्या सफरींबद्दलचं एक कात्रण मात्र मी बरीच वर्षं कपाटात ठेवलं होतं. निवृत्त झाले की जाऊ, असं म्हणत निवृत्तीलाही तीन वर्षं झाली.

वाई ते विटा

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वय एकोणसत्तर. चौथीतून शाळा सोडून तो गलाईच्या धंद्यात गेला. जुने दागिने वितळवायचे आणि त्यातलं सोनं शुद्ध करायचं, याला आमच्याकडे गलाई म्हणतात. या कामासाठी विट्याकडची माणसं देशभर पांगली आहेत. दादा पंचेचाळीस वर्षं कोइमतूरला होता. त्याने तिकडे भट्टीपुढे बसून मला इकडे शिकवलं, त्यावर मी बाई झाले. आता दुकान मुलगा बघतो, वहिनी गेल्या, आणि दादा गावी येऊन राहिला आहे.

"सुमे," तो म्हणाला, "तुझ्या नकाशात सोन्याचा किनारा म्हणून कायतरी हुतं. ते खरं हाय का नुसतं पुस्तकातलं?"

"खरं आहे. आता त्याला घाना म्हणतात."

"तितं मातीत सोनं घावतं?"

"हो."

"मग मला घिऊन चल."

मला वाटलं, थट्टा करतोय. दुसऱ्या दिवशी सातारा, कराड करत एसटीने विट्याला गेले, तर हा गडी अंगणात खुर्ची टाकून वाटच बघत होता. म्हणाला, "एक डोळा गेला, तुला ठावं हाय. दुसरा अजून वरीसभर टिकंल म्हणतोय डॉक्टर. भट्टीत बघून बघून वाळलं बघ डोळं. लय सोनं वितळवलं, पर मातीतलं सोनं कवा बघितलं न्हाई. हाय तवर एकदा बघायचं."

त्याच दुपारी मी नकाशा त्याच्या पलंगावर पसरला आणि कामाला लागले. खर्च तो करणार होता. नव्या गाडीसाठी पैसे ठेवले होते, ती म्हणे आता कुणाला चालवायची आहे.

मोठी जहाजं त्या किनाऱ्यावर मोठ्या बंदरातच थांबतात. आम्ही निवडलं ते जहाज नव्वद प्रवाशांचं, नदीत शिरणारं. जिथे धक्का नाही तिथे रबरी होड्यांतून उतरवणारं. सेनेगलमधल्या डाकारपासून घानापर्यंत सोळा दिवस. त्यासाठी देश तितके व्हिसे, फोटो प्रत्येक देशाच्या वेगळ्या मापाचे, आणि प्रत्येक अर्जात वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात. दादाचे सगळे अर्ज मीच भरले. तो फक्त मी बोट ठेवीन तिथे सही करायचा. आमच्या ह्यांना विचारलं, येता का. त्या शाळेच्या सहलीला ह्यांना सोबत नेलं, तर गणपतीपुळ्याच्या घाटातच उलट्या झाल्या होत्या. ते म्हणाले, "तुम्ही भावंडं जा, मी घर सांभाळतो." इतक्या उत्साहाने ते घर सांभाळायला कधीच तयार झाले नव्हते.

मी जहाजाच्या कंपनीला पत्र लिहिलं की माझ्या भावाला मातीतून सोनं धुताना बघायचं आहे, बाकी काही दाखवलं नाहीत तरी चालेल. उत्तर आलं, की टाकोराडी बंदरात एक दिवस मुक्काम आहे, सकाळी नदीकाठचं गाव आणि दुपारी किल्ला असा बेत आहे, पण हवा आणि बंदर यांवर सगळं अवलंबून. ते पत्र दादाने माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

पुणे

पीतज्वराची लस घेतल्याशिवाय त्या देशांत पाऊल ठेवता येत नाही, आणि साठीच्या पुढच्यांना ती सरसकट देत नाहीत. हे मला पुण्याला जाऊन कळलं. सगळी आखणी करणारी मी, आणि नेमकं हेच वाचायचं राहिलं होतं. डॉक्टरांनी दादाच्या वयाकडे बघून पेन खाली ठेवलं. "आजोबा, या वयात ही लस जपून द्यावी लागते. जाण्याची तशी गरज आहे का?"

"गरज हाय," दादा म्हणाला.

"कसली?"

"सोनं बघायचं हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी भूगोलाच्या बाईंना शोभेल असं काहीतरी बोलणार होते, पण नुसती मान हलवली. त्यांनी जुने आजार विचारले, छाती तपासली, रक्ताचे रिपोर्ट दोनदा बघितले, धोके समजावले, मग लस दिली. मलाही दिली, पण माझ्या वेळी कुणी इतका विचार केला नाही याचा मला थोडा रागच आला. लस घेतल्याच्या दाखल्याचं पिवळं पुस्तक हातात पडल्यावर दादाने ते सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं आणि परत येईपर्यंत सोळाही दिवस तिथून हलवलं नाही.

मुंबई विमानतळ

आता दादाचा पराक्रम सांगते. बॅगा देऊन झाल्या आणि आम्हाला नावाने बाजूला बोलावलं. दादाची बॅग उघडली. धोतरांच्या घडीत स्टीलचा डबा. डब्यात कसोटीचा काळा दगड, आणि कापसात गुंडाळून, मेणाने तोंड बंद केलेली नायट्रिक ॲसिडची बाटली.

सोनं दगडावर घासायचं, वर थेंब सोडायचा, रेघ टिकली तर खरं. गलाईवाला परगावी निघाला की हा डबा सामानात जायचाच. आपण पाहुण्यांकडे डबाभर लाडू न्यावेत तसं त्याने विमानातून ॲसिड न्यायचं ठरवलं होतं.

"अरे, तुला काही कळतं का?" मी ओरडले.

"रेल्वेत कवा कुणी अडवलं न्हाई," दादा म्हणाला, आणि हे नेमकं बॅग तपासणाऱ्या अधिकाऱ्यासमोर म्हणाला.

दीड तास गेला. जबाब लिहून घेतला. मला मनात विमान आमच्यावाचून उडून जाताना दिसत होतं. अधिकारी हिंदीतून विचारत होता, पण त्याच्या हिंदीचा हेल ऐकून दादाने मध्येच तमिळ सुरू केलं. तो निघाला कोइमतूरच्या बाजूचा. दादाच्या दुकानापासून त्याच्या मामाचं घर दोन गल्ल्या. मग दादाने त्याला गलाई म्हणजे काय ते सांगितलं, माझं शिक्षण सांगितलं, वहिनी गेल्याचंही सांगितलं. बाटली जप्त झाली, ती व्हायलाच हवी होती. दगड परत मिळाला. आम्ही धावत विमान गाठलं, आणि दुबई येईपर्यंत मी दादाशी बोलले नाही.

डाकार आणि बांजूल

डाकारच्या किनाऱ्यावर उतरल्या उतरल्या मी वर्गातल्यासारखी बोलायला लागले, ती सफर संपेपर्यंत थांबले नाही. कारण दादा सारखा विचारायचा, "काय दिसतंय? सांग की, तू मास्तरीण हायस." मी सांगायची. लांबोड्या लाकडी होड्या, प्रत्येकीवर नक्षी, डोळे, संतांची नावं. बायका कमरेइतक्या पाण्यात शिरून मासळीच्या पाट्या डोक्यावर घेतात. आकाश निळं नाही, वाळवंटातल्या धुळीने पांढुरकं आहे. दादा मान हलवत ऐकायचा आणि मध्येच शंका काढायचा. "धूळ कुठनं येती?" मी सहारापासून सुरू करायची. जहाज हलतं म्हणून तो माझं कोपर धरून चालायचा, आणि जमिनीवरही सोडायचं विसरायचा.

गांबियात बांजूलच्या बाजारात जेवायला भातावर घट्ट तपकिरी कालवण आलं. पहिला घास खाल्ला आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. शेंगदाण्याची आमटी. मासा घातलेली, तिखट थोडं वेगळं, पण आमटीच. दादा म्हणाला, "आईनं केल्यावाणी झालीया." वाढणाऱ्या बाईला मी खुणेने सांगितलं की आमच्या घरीही हेच असतं. तिला ते पटलं नाही. पाहुणे गोड बोलतात असं समजून तिने अजून एक पळी वाढली.

तिथे कुणी कामाचं लगेच बोलत नाही. पाण्याची बाटली विकत घ्यायची तरी आधी घरचे कसे, रात्र कशी गेली, काम कसं चाललंय, हे सगळं दोन्ही बाजूंनी व्हायचं. जहाजावरच्या एका जर्मन गृहस्थाला हा वेळेचा अपव्यय वाटला. मला आमच्या गावचा पार आठवला. तिथेही पाऊसपाणी, गुरंढोरं, लेकीचं सासर झाल्याशिवाय कुणी मूळ मुद्द्यावर येत नाही. दादा तर तिथे मराठीतच सुरू झाला. "काय, बरं हाय का?" समोरचा त्याच्या भाषेत उत्तर द्यायचा. दोघंही खूश.

बिजागोस बेटं

गिनी-बिसाऊच्या या बेटांवर धक्का नाही. रबरी होडी वाळूपाशी येते, खलाशी मनगटाला मनगट धरतो, आणि आपण दोन लाटांच्या मधल्या क्षणी पाण्यात पाय टाकायचा. सफरीची प्रमुख इनेस नावाची पोर्तुगीज बाई होती, चाळिशीतली, शांत. तिने आदल्या दिवशी हे सगळ्यांना दोनदा करून दाखवलं होतं. दादाने पाय टाकला तो लाट यायच्या वेळी. धपकन पाण्यात बसला. टोपी गेली एकीकडे, चष्मा गेला तळाशी.

टोपी बेटावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी काठीने ओढून काढली, पिळली, स्वतःच्या डोक्यावर घालून बघितली आणि मग दादाला परत केली. दोघंही खूप हसले. चष्मा मात्र मिळाला नाही. खलाशांनी शोधलं, मी शोधलं, माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मातीतलं सोनं बघायला इतक्या लांब आणलं, आणि आता बघणार कशाने? इनेसनेही तोंड पाडलं. निवांत फक्त दादा होता. वाळूत पाय पसरून धोतर वाळवत म्हणाला, "जाऊ दे गं. तू हायस की सांगायला. ह्या झाडास्नी काय म्हणत्यात?"

मी चिडून म्हणाले, "काजू." आणि मग, चिडलेलीच, पोर्तुगिजांनी काजू इथे आणि गोव्यात कसा आणला ते सगळं सांगितलं.

एल्मिना आणि टाकोराडी

घानाला पोचायच्या आदल्या संध्याकाळी इनेसने सगळ्यांना बोलावून सांगितलं, बंदराच्या परवानगीला उशीर होतोय, अर्धा दिवस गेला. नदीकाठचं गाव रद्द. एल्मिनाचा किल्ला तेवढा होईल.

मी उभी राहिले. माझ्या इंग्रजीची एरवी पंचाईत होते, पण रागात ते बरं येतं. मी म्हणाले, आम्ही किल्ले बघायला आलेलो नाही, साताऱ्यात आम्हाला किल्ल्यांची कमी नाही. इनेस कळवळून म्हणाली, बंदर तिच्या हातात नाही. ते खरंच होतं. मी केबिनमध्ये येऊन रडले. दादा माझ्या शेजारी बसला, पाठीवर हात ठेवून.

एल्मिनाचा किल्ला बघितल्यावर मात्र आदल्या दिवशीच्या माझ्या बोलण्याची मला लाज वाटली. समुद्राकाठी पांढरी, देखणी इमारत. खाली कोठड्या. युरोपीय आधी सोन्यासाठी आले, मग माणसंच न्यायला लागले. शेकडो माणसं या अंधारात महिनोन्‌महिने कोंडायची, आणि भिंतीतल्या एका चिंचोळ्या फटीतून एकेकाला काढून जहाजावर चढवायची. वाटाड्या अबेना, तिशीची मुलगी, ही माहिती आवाज न चढवता सांगत होती. मी मराठीत करून दादाला सांगत होते. त्याने त्या फटीच्या दोन्ही कडांवर हात ठेवून रुंदी बघितली. खांदा तिरका केल्याशिवाय माणूस जाणार नाही, इतकीच. "हे तू पोरांना शिकवलंस का?" त्याने विचारलं.

नव्हतं शिकवलं. सोन्याचा किनारा हे नाव तेहतीस वर्षं घोकून घेतलं, पण तिथून माणसं कशी गेली हे एका ओळीत उरकलं. मी तसं दादाला सांगितलं. तो म्हणाला, "आता सांग, ज्याला सांगता ईल त्याला." म्हणून इथे सांगते आहे.

परतीच्या बसमध्ये अबेनाने विचारलं, काल रात्री भांडलेल्या बाई तुम्हीच का. मी खाली मान घालून हो म्हटलं आणि दादाचं सगळं सांगितलं. ती थोडा विचार करून म्हणाली, "नदी जमणार नाही. पण तुमचा भाऊ सोन्याच्या कामातला आहे ना? मग अर्धा तास मला द्या." जहाज पुढच्या, शेवटच्या बंदराला सुटायला दोन तास होते. टाकोराडीच्या बाजाराशी तिने आम्हा दोघांना उतरवून घेतलं आणि सोनारांच्या गल्लीत नेलं.

गल्लीच्या तोंडाशीच दादा थांबला. म्हणाला, "कोणतरी माती धुतंय."

मला काहीच दिसलं नव्हतं. वीस पावलं पुढे गेलो तेव्हा दिसलं. दुकानांच्या मागच्या गटाराशी एक म्हातारी बाई बसली होती. दुकानांसमोरची झाडलेली धूळ आणि गटारातला गाळ तिने गोळा केला होता आणि पत्र्याच्या पसरट भांड्यात तो पाण्याने फिरवून धूत होती. सोनाराच्या हातून उडालेला कण न् कण त्या धुळीत असतो.

दादा तिच्या शेजारी उकिडवा बसला. "सुमे, कोइमतूरला पैली दोन वर्सं मी हेच केलं. भट्टीजवळ कोण येऊ देतंय? पहाटं गटार झाडायचं आनि माती धुवायची. घरी कवा सांगितलं न्हाई. आईला वाईट वाटलं असतं."

मलाही कधी सांगितलं नव्हतं. माझ्या शाळेचा पहिला गणवेश त्या दोन वर्षांतला.

अबेनाने म्हातारीला काय सांगितलं कोण जाणे, तिने भांडं दादाच्या हातात दिलं. त्याने ते मांडीच्या उंचीला धरलं, थोडं कलतं केलं आणि मनगटातून फिरवायला लागला. हलकी माती पाण्याबरोबर कडेवरून जात राहिली. तो भांड्याकडे बघतही नव्हता, समोर बघत होता. म्हातारी त्याच्या मनगटांकडे टक लावून बसली होती.

"काळी रेघ ऱ्हायली का?" त्याने विचारलं.

"राहिली."

"तिच्या शेपटाला बघ. हळू. हाय का?"

मी वाकले. आधी नुसती काळी, जड रेती. मग त्याने भांडं जरासं टेकवलं, पाणी ओसरलं, आणि काळ्या रेघेच्या टोकाला पिवळं उरलं. दोन-तीन कणच.

"आहे. दिसलं."

"कसं हाय?"

"हळद दळून आल्यावर नखात राहते ना, तेवढं. तसंच पिवळं."

"दिसलं," दादा म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. माझेही आले. म्हातारी अबेनाला काहीतरी म्हणाली. अबेनाने सांगितलं, "ती म्हणते, हे हात आमच्याकडचे आहेत."

दादाने भांडं तिला परत दिलं. मी पिशवीतला तासगावच्या बेदाण्यांचा पुडा दिला. मग त्याने खिशातून कसोटीचा दगड काढला आणि तिच्या ओंजळीत ठेवला. मी म्हटलं, अरे, चाळीस वर्षांचा दगड आहे तुझा. "आता मला काय करायचाय," तो म्हणाला. मला वाटलं, उदार झालाय.

मिरज

परत आल्यावर आठवड्यानेच मी त्याला नवा चष्मा करायला मिरजेला नेलं. डोळ्यांच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी समोरच्या तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर विचारलं. दादाला ते सांगता आलं नाही. त्यांनी डोळ्यात उजेड टाकून बघितलं, जुने कागद बघितले. "आजोबा, चष्म्याने आता फरक पडणार नाही. हे दिसायचं कधीपासून बंद झालं?"

दादाने मान माझ्या दिशेने वळवली आणि परत सरळ केली. "दिवाळीपासनं."

दिवाळी. फोन आला होता संक्रांतीला. म्हणजे डाकारच्या होड्या नाहीत, किल्ला नाही, चष्मा बुडाला तेव्हाही बुडण्यासारखं काही नव्हतंच. मी बाहेर येईपर्यंत दम धरला. एसटी स्टँडच्या बाकावर बसल्यावर मात्र तोंड सुटलं. "खोटं बोललास तू माझ्याशी. वर्षभर टिकेल म्हणालास. दिसत नव्हतं तर एवढ्या लांब कशाला गेलो आपण?"

त्याने माझं बोलणं संपू दिलं. मग म्हणाला, "तुझी वयनी गेली तवा तू त्या कात्रणाचं बोलली हुतीस. एकटी तू कवा गेली नसतीस. आनि माझी शाळा चौथीत सुटली, सुमे. तेहतीस वर्सं तू लोकांच्या पोरांना शिकवलंस. म्हटलं, एकदा आपुनबी बसावं तुझ्या वर्गात."

मी विचारलं, "आणि सोनं दिसलं म्हणालास ते?"

"दिसलं की. तू सांगितलंस तसंच हुतं. नखातल्या हळदीवाणी."

गाडी लागली. तो माझं कोपर धरून उठला आणि म्हणाला, "पाटी वाच." मी वाचली. मिरज–विटा, तासगाव मार्गे. त्याला खिडकी दिली, मी शेजारी बसले. सांगली मागे पडली आणि मी सुरू केलं. उजव्या हाताला द्राक्षबाग, छाटणी झालेली, नुसत्या काड्या आहेत आणि डोळे फुटायला लागलेत. पुढे बेदाण्याची शेड, हिरव्या जाळीची, आत पाच थर, बायका माल उलटवताहेत. आता एक ट्रॅक्टर आडवा आलाय.

"हळू सांग," दादा म्हणाला. "ध्यानात ठेवायचंय."